एक पायरी जास्त

आमच्या ऑफिसात कुठलंही ड्रॉइंग एकटं नसतं. इमारतीचा नकाशा उघडला की त्याच्यामागे आणखी फाइली उघडतात. एकीत खांब, एकीत नळ आणि सांडपाणी, एकीत वायरिंग, एकीत फर्निचर. त्या मूळ नकाशात उतरवून घेतलेल्या नसतात, फक्त जोडलेल्या असतात. नकाशा उघडताना सॉफ्टवेअर त्यांना शोधून आणतं आणि काचेवर काच ठेवावी तसं एकमेकांवर ठेवतं. खांबवाल्याने त्याच्या फाइलीत खांब सरकवला की माझ्या नकाशातला खांबही सरकतो. फायदा हाच, आणि धोकाही हाच.

कुठली फाइल कुठे शोधायची हे सांगणाऱ्या ओळीला पाथ म्हणतात. 'एक फोल्डर वर चढ, मग शेजारच्या खांबांच्या फोल्डरात शिर' अशा धर्तीची ती ओळ असते. एक पायरी वर चढायचं असेल तर दोन टिंबं द्यायची. पूर्ण पत्ता लिहायचा नाही, पायऱ्यांनीच सांगायचं, हा आमच्याकडचा नियम. मग सगळं बिऱ्हाड उचलून दुसऱ्या मशीनवर नेलं तरी कोण कोणाच्या शेजारी आहे ते बदलत नाही.

हा नियम मला दादाने शिकवला. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. या ऑफिसात तो माझ्या आधी होता आणि मी बसतो ते टेबल त्याचं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका सकाळी तो एका बंद गोदामाची मापं घ्यायला गेला आणि परत आला नाही. स्कूटर गोदामाच्या फाटकाशी उभी होती, हँडलला हेल्मेट अडकवलेलं होतं. गोदामाला दरवाजा एकच. आत काहीही नव्हतं. पोलिसांनी फरशी ठोकून पाहिली, मागची विहीर उपसली. दादा मिळाला नाही, त्याची स्टीलची टेपही मिळाली नाही. मला खात्रीने एवढंच सांगता येतं. बाकी लोक जे बोलले ते लोक बोलले.

घरात दादाची खोली तशीच राहिली. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि ती खोली शेवटची. तिच्या मागच्या भिंतीपलीकडे काही नाही. खाली पार्किंग, वर आभाळ. आई रोज तिथली चादर झटकायची. माझी मुलगी जेवणाच्या टेबलावर अभ्यास करायची. बायकोने हा विषय पुष्कळ वर्षं काढला नाही. मग एकदा जेवताना म्हणाली की आपल्याकडे मीठ मागितलं की हातात भूगोलाची वही येते. सगळे हसले, आईसुद्धा. नंतर आईने विचारलं की तो आला तर झोपेल कुठे. बायको म्हणाली, आमच्या खोलीत. आम्ही दोघं हॉलमध्ये पथारी टाकू. आईने पाण्याचा पेला बाजूला सरकवला आणि म्हणाली, "करा मग."

असं ठरलं. दादाची खोली मुलीला द्यायची, पलंग आणि जुनं कपाट काढायचं, मधली अर्धी भिंत पाडून कोपऱ्यात बाथरूम करायची. गवंडी पुढच्या आठवड्यात येणार होता.

दादाने नोकरीला लागल्यावर हात बसावा म्हणून आमच्याच घराची मापं घेऊन नकाशा काढला होता. ती फाइल ऑफिसच्या सर्व्हरवर पडून होती. मी नवा नकाशा सुरू केला आणि त्याच्याखाली दादाची फाइल जोडली. परत मोजायची गरज नव्हती. दादाचं माप म्हणजे माप. आमच्या घरात एकही काटकोन नाही, हे त्यानेच सिद्ध केलं होतं, आणि त्याचा त्याला उगाचच अभिमान होता. त्याच्या खोलीचा मागचा कोपरा दोन बोटं बाहेर गेलेला आहे. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण फाइलीत आहे.

याच सुमारास ऑफिसचा सर्व्हर बदलला. नव्या सर्व्हरवर फोल्डरांची एक पातळी कमी केली होती, म्हणजे सगळ्या पाथमधली एकेक पायरी काढायची. ते काम माझ्याकडे आलं. आमच्या बाई आर्किटेक्ट आहेत, ऑफिस त्यांचं आहे आणि त्या चुकीचा पाथ आणि चुकीची भिंत यांत फरक मानत नाहीत. मी सगळ्या चालू कामांचे पाथ बदलले. आमच्या घराचा नकाशा कुठल्याच कामात मोडत नव्हता, तो माझ्या नावाच्या फोल्डरात होता. तो राहिला.

जेवणाच्या सुट्टीत तो उघडला तेव्हा चूक लक्षात आली. त्यातला पाथ अजून जुना होता, एक पायरी जास्त. पायऱ्या मोजत गेलं तर तो सर्व्हरच्या सगळ्यात वरच्या फोल्डरच्याही वर निघत होता. अशा वेळी फाइल सापडत नाही आणि तिच्या जागी नुसती पाथची ओळ दिसते. इथे तसं झालं नव्हतं. घर व्यवस्थित दिसत होतं. जोडलेल्या फाइलींच्या चौकटीत दादाच्या फाइलीपुढे 'सापडली' असं लिहिलं होतं. 'कुठे सापडली' हा रकाना कोरा होता.

सॉफ्टवेअरमध्ये असल्या गमती होत असतात. मी पाथ दुरुस्त करणार होतो. त्याआधी सवयीने सगळं ड्रॉइंग पडद्यावर बसवायची कमांड दिली, आणि आमचं घर आक्रसून एका कोपऱ्यात ठिपक्याएवढं झालं.

ड्राफ्ट्समनला याचा अर्थ लगेच कळतो. फार लांब कुठेतरी कोणाच्या हातून एखादी रेघ सांडलेली असते, आणि तिलाही पडद्यावर घ्यायचं म्हणून सगळं लहान होतं. रेघ शोधायची आणि पुसायची. मी समोरच्या कोपऱ्यात गेलो आणि झूम केलं.

ती रेघ नव्हती. ती एक खोली होती.

खोली दादाच्या खोलीसारखी होती, पण बरोबर नव्हती. पलंग होता, त्याला दोन्ही टोकांना उशा होत्या. खिडकी होती, ती जमिनीला टेकलेली होती. दार एका वितीएवढं रुंद होतं. टेबलाला पाय पाच. मापं मात्र मिलिमीटरपर्यंत लिहिलेली, आकडे दादाच्या पद्धतीने रेघेच्या किंचित वर. दार आमच्या घराच्या दिशेला होतं.

मी दादाची मूळ फाइल वेगळी उघडून पाहिली. तिच्यात घर होतं आणि घराशिवाय काही नव्हतं. म्हणजे नकाशाला जोडली गेलेली फाइल त्याच नावाची दुसरी होती. ती कुठे आहे ते कळत नव्हतं, म्हणून उघडताही येत नव्हती. नुसती दिसत होती.

मी जागेवर बसूनच होतो तेव्हा पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक फुगा उघडला. 'जोडलेली फाइल बदलली आहे. रीलोड करायची?' हा फुगा आम्ही दिवसभर बघतो. पलीकडे कोणीतरी काम करून सेव्ह केलं की तो येतो. तो आपोआप येत नाही.

मी रीलोड केलं. खोलीच्या दाराला लागून एक बोळ सुरू झाला होता.

आमच्या मशिनी बघायला येतो त्याला आम्ही डॉक्टर म्हणतो, कारण तो आधी पेटीला कान लावतो आणि मगच स्क्रू काढतो. त्याला मी पाथ दाखवला. खोली दाखवली नाही. त्याने पायऱ्या मोजल्या, सर्व्हरवर जाऊन पाहिलं आणि जुना सर्व्हर भंगारात गेल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय असं सांगितलं. ही फाइल सापडायलाच नको, असं त्याचं मत पडलं. मग कुठून येते, असं मी विचारलं.

"त्याच्या वर काही नाही हो," तो म्हणाला. "छप्पर आहे ते. छपराच्या वर कोणी फोल्डर करतं का?" आणि स्वतःच्याच विनोदावर हसून त्याने चहा मागवला.

पाथ मी दुरुस्त केला नाही. रोज नकाशा उघडत होतो. फुगा यायचा, कधी दिवसातून एकदा, कधी ओळीने दोनदा, मी रीलोड करायचो आणि काम थोडं पुढे सरकलेलं असायचं. बोळ, मग खोली, मग बोळ, मग खोली. सगळ्या खोल्या दादाच्या खोलीसारख्या आणि सगळ्या एका रांगेत, आमच्या घराकडे येणाऱ्या. पुढची प्रत्येक खोली मागच्या खोलीपेक्षा बरोबर होत होती. दुसऱ्या खोलीत खिडकी जमिनीवरून उचलली गेली. मग दार माणूस जाईल एवढं झालं. पलंगावरची एक उशी गेली. टेबलाचा पाचवा पाय गेला. आठवून आठवून काढावं आणि जवळ येताना जास्त जास्त आठवत जावं, तसं ते होतं. मी तसंच मानलं.

घर आता पडद्यावर ठिपका नव्हतं, काड्यापेटीएवढं दिसत होतं.

मी कोणाला काही सांगितलं नाही. बायकोने दोनदा विचारलं की गवंड्याला नक्की कधी बोलवायचं आहे. मी म्हटलं, नळाची लाइन ठरायची आहे. ती म्हणाली की ऑफिसात दुसऱ्यांच्या इमारती उभ्या राहतात आणि घरची एक बाथरूम कागदावरच आंघोळ करते. मी हसलो. त्या संध्याकाळी दादाच्या खोलीत जाऊन मागची भिंत हाताने चाचपली. थंड होती, बाहेरची भिंत असते तशी. खिडकीतून डोकं काढून पलीकडे पाहिलं. सपाट गिलावा, त्यावरून उतरणारा पावसाच्या पाण्याचा पाइप आणि खाली गाड्यांची टपं.

दुसऱ्या दिवशी जी खोली आली तिचा मागचा कोपरा दोन बोटं बाहेर होता.

मी ते माप वाचलं, पुसल्यासारखं डोळे चोळून पुन्हा वाचलं. आमच्या घरातला तो कोपरा दादा सोडून कोणालाही माहीत नव्हता, आणि दादाने सांगितला म्हणून मला. कँटीनच्या बाकावर जाऊन मी बराच वेळ बसलो. शेजारी कोणीतरी क्रिकेटबद्दल बोलत होतं आणि मी त्याला हो हो म्हणत होतो. दादा जिवंत आहे. कुठेतरी आहे, आणि मापं घेत घेत घरी येतो आहे. इतकी वर्षं डोक्यात येऊ न दिलेलं हे वाक्य मी तिथे बसून सरळ मनात म्हटलं.

तो जिथून येत होता ती रांग दादाच्या खोलीच्या मागच्या भिंतीला भिडणार होती. मध्ये एका बोळाची जागा उरली होती.

जागेवर परतलो तर बाई माझ्या टेबलाशी उभ्या होत्या. त्यांनी सगळ्या सर्व्हरची तपासणी लावली होती आणि एकच पाथ चुकीचा निघाला होता, माझ्या फोल्डरातला. घरचा नकाशा आहे म्हणून त्या रागावल्या नाहीत. उलट बाथरूमचा उतार कोणत्या बाजूला दिला आहे ते विचारलं. मग म्हणाल्या की आज सगळं नव्या सर्व्हरवर कायमचं बसवतोय, संध्याकाळी निघायच्या आत हा एक पाथ सरळ करून टाक. तू नाही केलास तर मी करीन, त्यात काय आहे.

मी अर्ध्या दिवसाची सुट्टी सांगून घरी गेलो.

बायको कामावर होती, मुलगी शाळेत. आई दादाच्या खोलीत पलंगावर बसली होती, मागच्या भिंतीला पाठ टेकून, मांडीवर उसवलेला अभ्रा. मी तिच्यासमोर खुर्ची घेतली आणि सगळं सांगितलं. पाथ म्हणजे काय ते समजावायला वेळ लागला, बाकीचं लवकर झालं. मी म्हटलं, आता तो एवढाच लांब आहे. संध्याकाळी मी पाथ बदलला तर वाट तुटेल. नाही बदलला तर बाईंशी भांडावं लागेल, ते मी भांडेन. तू नुसतं हो म्हण.

आई चकित झाली नाही. सुई अभ्र्यात खोचून ठेवली.

"मला ऐकू येतंय," ती म्हणाली. "चार दिवस झाले. या भिंतीत."

"काय?"

"टेप."

माझ्या अंगावर काटा आला, आणि तो आनंदाचा होता, हे मला नोंदवलं पाहिजे. मी म्हटलं, मग झालंच. दादाच आहे.

"नाही," आई म्हणाली.

मी खुर्ची पुढे ओढली.

"तो टेप कधी सोडून देत नसे. बोट लावून सावकाश आत घ्यायचा. टोकाचा हूक तुटतो म्हणायचा. तू एकदा फटकन सोडलीस तर केवढा ओरडला होता तुझ्यावर." तिने मागे न बघता तळहात भिंतीवर ठेवला. "हा फटकन सोडतो. दर वेळी."

मी म्हटलं, इतक्या वर्षांत माणसाच्या सवयी बदलतात.

"बदलतात. त्याची नाही बदलणार."

"आई, त्या कोपऱ्याचं माप..."

"माप कोणीही घेईल रे." तिने अभ्रा परत हातात घेतला. "माझं पोर आहे ते. इतकी वर्षं चादर झटकतेय मी. तो यायला हवाय मला. हा नको. बंद कर."

मी ऑफिसात परत गेलो.

नकाशा उघडला. फुगा आला होता. मी रीलोड केलं नाही.

पाथच्या ओळीतली दोन टिंबं खोडली. एक पायरी कमी झाली. 'कुठे सापडली' या रकान्यात सर्व्हरचं नाव, फोल्डरांची नावं, सगळं नीट उमटलं.

सगळं ड्रॉइंग पडद्यावर बसवलं. घराने पडदा भरला. बाहेर काही नव्हतं.

बाईंना सांगितलं, झालं. त्या म्हणाल्या, बरं झालं.

घरी पोचलो तेव्हा उजेड होता. बायको आणि मुलगी बाथरूमच्या फरश्या बघायला गेल्या होत्या, तसा तिचा मेसेज होता.

आई दादाच्या खोलीत उभी होती. भिंतीला कान लावून. मला पाहून तिने बोट ओठांवर ठेवलं आणि दुसऱ्या हाताने जवळ बोलावलं.

मी कान लावला.

आधी काही नाही. मग स्टीलची पट्टी लांब ओढल्याचा आवाज. थांबला. कोणीतरी आकडा वाचत असावं एवढा वेळ गेला.

मग ती पट्टी आत जाऊ लागली. सावकाश. मध्ये कुठेही न सुटता, बोट लावून, अगदी टोकापर्यंत.

आई रडत होती. गाल भिंतीलाच होता.

"तोच आहे रे," ती म्हणाली. "चुकले मी. तोच आहे. जा, उघड परत."

मी भिंतीपासून कान काढला. दुपारी तिने टेपची ती सवय याच पलंगावर बसून सांगितली होती. पाठ या भिंतीला होती, आणि आवाज नेहमीचाच होता, भिंतीपलीकडे सहज ऐकू जाईल असा.